एकाच अंगाला पाहणारे मोर

वैशाख लागला की मी पाटावरून बोट फिरवते. सागवानी पाट, त्यात पितळेचा मोर. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, त्यात बसवलेलं पितळ मात्र आकसत नाही. मग एखाद्या पिसाचं टोक खोबणीतून किंचित वर येतं आणि बोटाला टोचतं. लोकांच्या पाटांचं असं होतं. माझ्या पाटाचं कधी झालं नाही. तरीही दर उन्हाळ्यात चोचीपासून शेपटीपर्यंत बोट फिरवून मी पाहते, आणि काही टोचलं नाही की उगाचच बरं वाटतं.

यंदा घरात दोन पाट आहेत. दुसरा जुन्या चादरीत गुंडाळलेला, पुस्तकांच्या कपाटाला टेकून उभा आहे. माघात माझा भाचा संजय तो श्रीरामपूरहून घेऊन आला. अक्काला, म्हणजे त्याच्या आईला, माझ्या एकुलत्या बहिणीला, जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. चहाचा कप हातात फिरवत तो म्हणाला, "आईनं बजावून ठेवलं होतं, मावशी. साड्या कुणालाही द्या, पण माझा पाट नगरला पोचवायचा." मग जरा घुटमळला. "दादांना फारसं पटलेलं नाही. जोडी आहे ना ती. आणि पूर्वाचं लग्न वर्षाच्या आत करून टाकायचं ठरतंय. वैशाखात. तेव्हा बोहल्यावर जोडी लागेल म्हणतात."

दादा म्हणजे त्याचे वडील, माझे भाऊजी. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तो गेल्यावर पाट उभा केला, तो तसाच आहे. चादरीची गाठ मी सोडलेली नाही. अक्काचं माझ्याकडे आलेलं एवढं एकच आहे. ते परत करायचं मनात येत नाही, आणि ठेवून घ्यायचं तर दुसऱ्या कुणाची तरी जोडी मोडते. पूर्वा अक्काची नात. लग्न आता तोंडावर आलं आहे.

पितळ ज्या खोबणीत बसतं तिला सोनबा सुतार घर म्हणायचा. "आदी घर, मंग मोर," तो सांगायचा. आमच्या अंगणातल्या कडुलिंबाखाली पोतं अंथरून तो बसे. पितळी पत्र्यातून बारीक करवतीनं कापलेला मोर लाकडावर ठेवी, खिळ्याच्या टोकानं त्याच्याभोवती रेघ ओढी आणि पटाशीनं आतलं लाकूड पापुद्र्या-पापुद्र्यानं उचले. मोराच्या पायाची नखं एवढीएवढीशी, पण त्यांनाही आपापलं घर हवं. मग लाख तापवायची. गोडसर, करपट वास अंगणभर पसरे. गरम लाख घरात पसरून तो मोर त्यात दाबी आणि लाकडी हातोड्यानं वर हलकेच थापट्या मारी, तान्ह्या पोराला निजवताना मारतात तशा. त्याच्या तोंडी ठोकणं हा शब्द नव्हता. मोर बसवायचा.

आणि बसवायचा तो भर उन्हाळ्यातच. एरवीही त्याचा हाच नेम होता. ते वर्ष तर बहात्तरच्या दुष्काळाचं. पावसाळा कोरडा गेला होता आणि पुढचा उन्हाळा चालू होता. फळीवर टिचकी मारून, कान लावून तो म्हणाला, "ह्यानं जेवडं आकसायचं तेवडं आकसून घेतलंय, गुर्जी. ह्याच्याहून काय सुकनार? ह्या साली बसवल्यालं पितळ कदी वर यायचं न्हाई." अण्णांनी मान डोलावली. अण्णा, म्हणजे आमचे वडील, कोल्हारला शाळेत शिक्षक होते. अक्काचं लग्न वैशाखात ठरलं होतं आणि तिच्यासाठी जोडीचे पाट करायचे होते. दोन पाट, दोन मोर, एकमेकांकडे तोंड करून.

मी नुकतीच अकरावीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते. मोकळी म्हणजे काय, सकाळ-संध्याकाळ पाणी आणायचं. गावातल्या विहिरींचे तळ दिसत होते. प्रवरेचं पात्र म्हणजे नुसती वाळू, आणि वाळूत माणसांनी खणलेले झिरे. झिऱ्यात पाणी हळूहळू पाझरायचं, वाटीनं ते कळशीत भरायचं. आम्ही दोघी जायचो. अक्का पुढे, मी मागे. तिच्या डोक्यावर दोन कळशा, माझ्या काखेत एक, आणि दुसऱ्या हातात बहुधा पुस्तक. पुलाच्या सावलीपाशी आलो की ती कळशा उतरवायची आणि म्हणायची, "तू थांब. मी पुढे जाऊन बघून येते." तापलेल्या वाळूतून ती टाचा उचलत जायची. कुठल्या झिऱ्याला पाणी सुटलंय ते वाकून बघायची. मी खांबाला टेकून वाचत बसायची. तिनं लांबून हात वर केला की उठायचं.

त्या उन्हाळ्यात मी काय वाचलं त्यातलं आज मला काहीच आठवत नाही. वर झालेला तो हात तेवढा आठवतो.

नदी कोरडी पडल्यामुळे एरवी पाण्याखाली असलेलं सगळं उघडं झालं होतं. जुन्या घाटाच्या पायऱ्या, कुणाची तरी गंजलेली बादली, आणि शिंपले. बाहेरून मातकट, आत दुधाळ आणि जरा तिरपं धरलं की गुलाबी. अक्का ते ओच्यात गोळा करायची. मोराचे डोळे शिंपल्याचे करायचे हे तिनंच ठरवलं होतं. सोनबानं एक तुकडा उन्हात फिरवून पाहिला. "नवरीची आवड हाय. करू." दुष्काळानं सगळ्यांकडून काही ना काही नेलं. त्यानं दिलेली मला आठवणारी गोष्ट ही एवढीच, बोटाच्या नखाएवढी.

सोनबालाही त्या वर्षी धंदा नव्हता. दिवसा तो सरकारी कामावर खडी फोडायला जायचा आणि उन्हं कलली की आमच्याकडे यायचा. हात सुजलेले असायचे. आई त्याला अमेरिकेहून आलेल्या मिलोची लाल भाकरी आणि चटणी द्यायची. तो म्हणायचा, "बाई, ही भाकर खाऊन मोर बी इंग्रजी बोलाया लागंल." आई हसत नसे. ती त्या दिवसांत कशालाच हसत नसे. पाणी कसं पुरवायचं, वऱ्हाडाला काय वाढायचं, याच्याच विचारात असे.

फाल्गुनात पहिला मोर बसला आणि चैत्र सरता सरता दुसरा. त्या संध्याकाळी सोनबानं दोन्ही पाट ओल्या फडक्यानं पुसून ओसरीवर शेजारी शेजारी मांडले. पितळ पिवळंधमक. आई कंदिलाची काच पुसता पुसता बाहेर आली आणि पाहतच राहिली.

"सोनबा, हे काय करून ठेवलंत?"

"काय झालं, बाई?"

"नीट बघा. नवरीचा मोर उजवीकडे बघतोय आणि नवऱ्याचाही उजवीकडेच. त्या बिचाऱ्यानं जन्मभर बायकोच्या पाठीकडे बघत संसार करायचा का?"

सोनबानं मान वाकडी करून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "बघूंद्या की. लई नवरे तेच करत्यात."

आतून अण्णांचं हसू ऐकू आलं. त्यामुळे आई आणखीच चिडली. "अहो, नमुना पालथा घालायचा ना दुसऱ्या वेळी! एवढं साधं कसं नाही सुचलं?"

सोनबानं पोत्याखालून मोराचा नमुना काढला. जाड पुठ्ठ्याच्या जुन्या कॅलेंडरातून कापलेला. त्यानं तो उलटा करून आईपुढे धरला, म्हणजे खरं तर सुलटा. त्या बाजूला लक्ष्मीचं चित्र होतं. मोराच्या आकारात तिचे हात कापले गेले होते, कमळ गेलं होतं, पण मुखडा अगदी मोराच्या पोटात आला होता.

"पालथा कसा घालू? हिला तोंडावर पाडू? ह्या सालात?"

 आईनं एकदा अंगणातल्या पाण्याच्या रिकाम्या पिंपाकडे पाहिलं. मग पुठ्ठा हातात घेतला, कपाळाला लावला आणि परत दिला.

अण्णा दारात आले होते. "अरे, पण कात्रीनं कापताना नाही का काही वाटलं?"

"तवा ती उतानी हुती, गुर्जी."

अक्का माझ्या शेजारी उभी होती. तिला हसू आवरत नव्हतं. पदराचा बोळा तोंडाशी धरून ती माझ्या कानाशी पुटपुटली, "अगं, मोर कसले हे. नदीला चाललोय आपण दोघी." मला तेव्हा ते फारसं आवडलं नाही. मागचा मोर म्हणजे मी, हे मला लागलीच कळलं होतं.

"मग काढून फिरवून बसवा," आई म्हणाली.

"बसवल्यालं काढाया येत न्हाई, बाई. पितळ निगंल, पर घर मोडंल."

शेवटी तिसरा पाट करायचं ठरलं. पण सुकलेलं सागवान आता आणायचं कुठून? अण्णांनी आपल्या पुस्तकांच्या मांडणीतली खालची रुंद फळी काढून आणली. पतंगाचा पातळ कागद मोरावर ठेवून पेन्सिलीनं रेघ घेतली आणि तो कागद स्वतः पालथा करून दिला. कागदावर कुणी देव नव्हता. सोनबानं तिसरा मोर बसवला. तो डावीकडे पाहत होता, अक्काच्या मोराच्या थेट डोळ्यांत. अण्णांची पुस्तकं पुढे कित्येक महिने जमिनीवर रचलेली होती. त्यांच्या पानांना वाळवी लागू नये म्हणून मी त्यांच्याभोवती कडुलिंबाचा पाला ठेवायची.

उरलेला पाट आईनं भिंतीशी उभा केला. "हा धाकटीला. तिच्या वेळी याला जोड करू."

लग्न साधंच झालं. टँकर आला, थोडा सांडला, लोक त्या सांडलेल्या पाण्याकडे बघत होते. मंगलाष्टकं चालू असताना मी बायकांच्या गर्दीतून पाटांकडेच पाहत होते. मग होमाला अक्का बसली आणि तिचा मोर झाकला गेला, फक्त चोच दिसत राहिली. ती उठली तेव्हा पितळावर अक्षता होत्या आणि शिंपल्याच्या डोळ्यावर कुंकवाचा एक कण. निघताना गळ्यात पडलो तेव्हा तिच्या हातातली हिरवी बांगडी माझ्या खांद्याच्या हाडावर लागून वाढवली. फुटली म्हणायचं नसतं. तुकडा मी उचलून मुठीत धरला. तिला घेऊन मोटार श्रीरामपूरच्या रस्त्याला लागली. धुरळा बसायला पुष्कळ वेळ लागला, कारण वारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी पाण्याला मी एकटी गेले. पुलाच्या सावलीपाशी आपोआप थांबले. पुढे जाऊन बघणारं कुणी नव्हतं, हात वर करणारंही कुणी नव्हतं. पुस्तक मी नेलंच नव्हतं. थोडा वेळ तशीच उभी राहिले, मग वाळूत पाय घातला. ती वाळू इतकी तापलेली असते हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. अक्का टाचा का उचलायची ते त्या दिवशी समजलं.

त्या उन्हाळ्याचे उरलेले दिवस म्हणजे एक लांबलचक दुपार होती. घरात तिघं माणसं, तिघं तीन ठिकाणी. आई दाराकडे पाठ करून काही निवडत बसे. अण्णा पुस्तकं उघडत आणि मिटत. मी भिंतीशी उभ्या असलेल्या त्या मोराकडे बघत पडून राही. चुकीचा म्हणून बाजूला काढला तेव्हा त्याचा डोळा बसवायचा राहून गेला होता. डोळ्याच्या जागी नुसतं घर होतं, गोल आणि रिकामं.

एकदा सोनबा हत्यारं न्यायला आला आणि त्याच्या ते लक्षात आलं. "ह्याचं डोळ्याचं घर मोकळंच ऱ्हायलं की. आन शिंपला." शिंपले संपले होते. मी बांगडीचा तुकडा आणून दिला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. सहाणेवर चार थेंब पाणी टाकून काच घासत बसला, तिची धार जाईपर्यंत, मग ती गोल होईपर्यंत. लाखेचा एक थेंब, वर हिरवा डोळा. "आता दिसंल त्याला," म्हणाला.

पुढे पाऊस आला. तो सगळ्यांनाच आला. त्याविषयी पुष्कळांनी लिहिलं आहे.

माझं लग्न झालं नाही. त्याला मोठं असं कारण नाही, लहान लहान पुष्कळ होती. नगरला ग्रंथालयात नोकरी लागली, अण्णांनंतर आई माझ्याकडे आली, मग आईही गेली. मी कोल्हारला जाई तेव्हा सोनबा भेटला की विचारायचा, "ताई, जोड कवा करायची?" काही वर्षांनी त्यानं विचारणं सोडलं. माझ्यावर दया म्हणून नव्हे, त्याच्या हाताला कंप सुटला होता. पाट मात्र रिकामा पडून राहिला नाही. मी त्यावर बसून जेवले, वाचलं, शेंगा सोलल्या, आईचे पाय चेपले. अक्का आली की बसण्याआधी मोराच्या डोळ्यावर अंगठा ठेवून म्हणायची, "माझी बांगडी नीट आहे ना?"

जडणे हा शब्द मला अलीकडे सारखा अडवतो. पितळ लाकडात जडवतात. जीव जडतो. सवय जडते. आणि गेल्या दिवाळीत अक्का फोनवर म्हणाली होती, "काहीतरी दुखणं जडलंय गं, बघू." भाषेनं या सगळ्यासाठी एकच शब्द का ठेवला असेल, असं मी ग्रंथालयातल्या सवयीनं कोशात पाहिलं. अर्थ एकाखाली एक दिले होते. का, ते दिलं नव्हतं.

तिच्या दिवसांना मी श्रीरामपूरला होते. एका सकाळी भाऊजी जेवायला बसायचे होते. त्यांनी आपला पाट मांडला, मग हात सवयीनं मागे गेला आणि त्यांनी तिचाही पाट ओढला. ओढल्यावर लक्षात आलं. पाट दोन्ही हातांत धरून ते स्वयंपाकघराच्या मधोमध उभे राहिले. कुठे ठेवावा ते त्यांना समजेना. सुनेनं पुढे होऊन तो घेतला. म्हणून मला त्यांचा राग येत नाही. त्यांच्या मोरापुढेही आता मोकळी फरशीच आहे.

काल त्यांचा फोन आला. मोठ्यानं बोलतात, ऐकू कमी येतं. "मी मागतोय असं समजू नका," म्हणाले. "तिनं तुम्हाला दिलाय तर तो तुमचाच. पण बोहल्यावर माझा एकटाच कसा मांडायचा?" उद्या सांगते, म्हणून मी फोन ठेवला.

आज सकाळी मी चादरीची गाठ सोडली. अक्कानं मारलेली नव्हती, तरी सावकाश सोडली. शिंपल्याचा डोळा पिवळसर झाला आहे. पितळ मधोमध झिजून गुळगुळीत झालं आहे, बसून बसून. मी चोचीपासून शेपटीपर्यंत बोट फिरवलं. कुठेही टोचलं नाही. माझा पाट आणला आणि शेजारी ठेवला, मांडतात तसा. दोघांचीही तोंडं उजवीकडे. जोडी म्हणून पाहिलं तर अजूनही चूकच दिसते.

मग माझा पाट उचलून मी तिच्या पाटामागे सरकवला. आणि अक्कानं आपला पाट मलाच का पाठवला, म्हणून इतके दिवस स्वतःला विचारत होते ते विचारायचं थांबलं. ओसरीवरचा तिचा श्वास कानाला लागला. नदीला चाललोय आपण दोघी. पुढे शिंपल्याचा डोळा, मागे हिरवा. बराच वेळ मी तिथेच जमिनीवर बसून राहिले. कुठल्याच पाटावर बसले नाही.

दुपारी भाऊजींना फोन केला. "पाट घेऊन मी स्वतः येते," म्हटलं.

"तुम्ही? लग्नाला?" मी लग्नांना जात नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे.

"हो. पण अक्काचा नाही आणणार, माझा आणते. तोही तिकडेच बघतो. तुमच्या मोरापुढे बरोबर बसेल."

 ते एकदम हळू बोलले, "हिरव्या डोळ्याचा ना? ती सांगायची. आणा. पूर्वाला आवडेल."

"लग्न झालं की परत नेईन."

"न्या, न्या. तो तुमचा आहे."

माझा पाट आता चादरीत बांधून दाराशी ठेवला आहे. तेव्हा न दाखवलेला मांडव त्याला यंदा दाखवावा म्हणते. अक्काचा पाट पुस्तकांच्या कपाटाजवळ, पुलाच्या खांबाला टेकून बसावं तसा, सावलीत आहे.

अक्का, तू थांब. मी पुढे जाऊन बघून येते.